जासूस बावडी

शनिवार, ४ डिसेंबर १९७१. सकाळची हजेरी.
हजर : आमचे साहेब, फ्लाइट लेफ्टनंट, मद्रासकडचे. सार्जंट, हरियाणाचा. जीप आणि टँकर दोन्ही चालवणारा ड्रायव्हर, भोपाळचा. जनरेटरवाले दोघं. पडद्यासमोर पाळीनं बसणारे ऑपरेटर. स्वयंपाकी, केरळचा. पहारेकरी. आणि टेलिफोनवर मी. आजारी कोणी नाही. रजेवर कोणी नाही, कारण आदल्या संध्याकाळी युद्ध सुरू झालं होतं आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या.

हजेरी घेणं माझ्याकडे होतं, म्हणून क्रम अजून पाठ आहे. ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो तो माणूस मात्र या हजेरीत नव्हता. तो डोंगराखालच्या गावातला. गावानं त्याला हेर ठरवलं. तो हेर नव्हता, हे गावात जाऊन चारचौघांत सांगायचं काम मला नेमून दिलं होतं. हे सगळं त्या कामाबद्दल आहे.

औरंगाबादच्या दक्षिणेला डोंगरांची रांग आहे. तिच्यातल्या एका बोडक्या माथ्यावर आमचं रडार होतं. दोन गाड्यांवर बसवलेल्या केबिनी, एक जनरेटर, सात-आठ तंबू, आणि या सगळ्यांच्या वर घराएवढी जाळीची अँटेना. ती दिवसरात्र फिरायची. माझं घर औरंगपुऱ्यात. हवा स्वच्छ असली की दुर्बिणीतून आमच्या गल्लीच्या बाजूची झाडं दिसायची. पण कुठं आहे ते कोणाला कळवायचं नाही असा हुकूम होता. आईच्या समजुतीप्रमाणे मी सरहद्दीवर होतो आणि ती रोज तिकडच्या बातम्या ऐकून रडत होती. मी होतो सायकलच्या अंतरावर.

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. खालच्या माळावर गुरं मरून पडलेली असायची आणि त्यांच्यावर गिधाडं. पोट भरून वर उठलेली गिधाडं जड असतात, वळत नाहीत. ती थेट अँटेनेत यायची. धप्प आवाज व्हायचा, केबिन हलायची, आणि पडद्यावरची हिरवी रेघ क्षणभर थरथरायची. सकाळी अँटेनेखाली पंख, आतडी, कधी अर्धं पाखरू. कामाच्या वाटपात मी "गिधाडं उचलणे" असा रकानाच केला होता. त्या कामाला सगळे टाळाटाळ करायचे, म्हणून पाळी लावून दिली. साहेबांचंही नाव त्यात घातलं. ते हसले आणि आपल्या पाळीला खोरं घेऊन आले.

आमचं काम सांगायला सोपं आहे. ऑपरेटर अंधाऱ्या केबिनमध्ये पडद्यावरचा ठिपका बघतो आणि दिशा आणि अंतर मोठ्यानं बोलतो. मी ते टेलिफोनवर सांगतो. शहरातल्या कंट्रोल रूममधला माणूस ते काचेच्या फळ्यावर लिहितो, आणि तिथून विमानतळाजवळच्या तोफांना कळतं की येणारं विमान आपलं की परकं. मधला दुवा म्हणजे जमिनीवरून टाकलेली एक काळी तार. आमच्या माथ्यावरून उतरून गावाच्या कडेनं, खडी फोडायच्या दुष्काळी कामाला वळसा घालून ती शहरात जायची. वायरलेस होता, पण त्यावर उघड बोलायचं नाही, आकड्यांच्या गुप्त भाषेत बोलायचं, आणि त्याला वेळ लागायचा.

ही तार तुटू लागली. तुटू लागली म्हणजे तिचे तुकडे गायब होऊ लागले. कधी गावाच्या अलीकडे, कधी पलीकडे. कापलेलं टोक स्वच्छ असायचं, विळ्यानं कापल्यासारखं. आम्ही नवीन तुकडा जोडायचो, दोन दिवसांनी तोही जायचा. युद्धाआधी सार्जंट नुसत्या शिव्या द्यायचा. युद्ध लागल्यावर त्याला एकच शब्द सुचायला लागला.

"जासूस है कोई. नीचे गाँव में बैठा है."

"सार्जंट, तार चोरून विकत असतील," मी म्हणालो.

"तू इधर का है, इसलिए बोल रहा है."

हे तो मला दिवसातून एकदा तरी ऐकवायचा. मी मराठी, गाव मराठी, म्हणून मी गावाचा वकील.

सोमवारी दुपारी पडद्यावर नाशिकच्या बाजूनं एक ठिपका आला. ते आपलंच विमान होतं, टपाल आणि माणसं घेऊन येणारं. त्याची सूचना आम्हाला होती, तोफांना नव्हती. ती आम्हीच खाली द्यायची होती. मी फोन उचलला. फोन मेलेला. हँडल फिरवलं, परत फिरवलं. वायरलेसवाला आकडे जुळवायला लागला. साहेब केबिनच्या दारात उभे राहून "जल्दी, जल्दी" म्हणत होते. तेवढ्यात शहराच्या बाजूनं तोफांचा आवाज आला, मोठं जाड कापड टराटर फाडल्यासारखा, आणि आकाशात काळ्या धुराचे गोळे फुटले.

विमान पडलं नाही. डगमगत उतरलं. पण एक गोळा त्याच्या पोटाखाली फुटला होता. आत बसलेल्या एका जवानाचा पाय गुडघ्याखाली उडाला. तो जवान आमच्या सार्जंटचा दोस्त होता. दोघं एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालेले. सार्जंट खाली जाऊन त्याला दवाखान्यात बघून आला. आल्यावर त्यानं तंबूचा खांब लाथेनं मोडला, मग स्वयंपाक्याचं भाताचं पातेलं उलटं केलं. त्या दिवशी आम्ही जमिनीवरचा भात वरवरचा उचलून खाल्ला.

मंगळवारी पहाट उजाडताना आम्ही तिघं जीपनं निघालो : सार्जंट, ड्रायव्हर, मी. मला नेलं ते भाषेसाठी आणि तार जोडण्यासाठी. गावाच्या अलीकडे कापलेलं टोक सापडलं. मी खाली बसून रबर सोलायला लागलो. सार्जंट आणि ड्रायव्हर मातीतला माग बघत पुढं गेले. तार ओढत नेल्याची रेघ धुळीत स्पष्ट होती. ती सरळ विहिरीकडे जात होती.

पुढचं मी अर्धं पाहिलं आणि अर्धं मला ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. दोन्ही मिळून लिहितो.

विहिरीवर बायकांची रांग होती. बंदुका घेतलेले दोघं येताना बघून बायका घागरी टाकून खडीच्या ढिगांमागे पळाल्या. एकच माणूस जागचा हलला नाही. तिशीचा, काळासावळा, डोक्याला मळकं फडकं. तो विहिरीकडे तोंड करून, एक पाय काठच्या दगडाला रोवून मागं रेललेला होता, आणि त्याच्या दोन्ही हातांत आमची काळी तार होती. तिपेडी पिळलेली. रहाटावरून ती आत जात होती.

सार्जंटनं बंदूक रोखली. "हाथ ऊपर!"

त्यानं हात वर केले नाहीत.

"सुना नहीं? हाथ ऊपर कर!"

तो दातओठ खात म्हणाला, "नीचे औरत है, साब. छोड नै सकता."

सार्जंटला ते ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. आलं असेल तरी त्यानं ते खोटं मानलं. आदल्या दिवशीचा पाय त्याच्या डोक्यात होता. त्यानं बंदुकीचा दस्ता त्या माणसाच्या पाठीत घातला. माणूस गुडघ्यावर आला, पण हात तसेच. दुसरा दस्ता कानावर. कानातून रक्त आलं. माणूस ओरडला, "ओ बायांनो, या की! धरा कुनीतरी!" ढिगांमागून बायकांचा कालवा उठला, पुढं कोणी येईना.

मी ते ओरडणं ऐकून धावलो. मला लांबून जे दिसलं ते आजही तसंच दिसतं : एक माणूस मार खातोय आणि एकही फटका हातानं अडवत नाही. तोंडावर आलेला फटका तोंडावर घेतोय. मार खाणाऱ्याचे हात आपोआप वर येतात. याचे येत नव्हते. तेव्हाच मला कळलं, पण मी अजून पन्नासएक पावलं लांब होतो.

"सार्जंट, रुको! नीचे आदमी है!"

सार्जंटनं तिसरा दस्ता त्याच्या हातांवर मारला. उजव्या हाताची बोटं तारेवरच चेचली. हात उघडला. तार सुटली.

रहाट किंचाळला. तार सरसरत आत जायला लागली. त्या माणसानं डावा हात सोडला नव्हता. तो तारेबरोबर काठाकडे ओढला गेला, छाती दगडावर आपटली. मी पोचलो आणि तार धरली. तिनं माझ्या तळव्यांची कातडी काढली, लोण्यातून सुरी जावी तशी. मागून ड्रायव्हरनं बंदूक फेकून मला कमरेला धरलं आणि आपणही एका हातानं तार पकडली. तार थांबली. खालून, फार खालून, एका बाईची शिवी आली. कानाला तेवढी गोड शिवी मी पुन्हा कधी ऐकली नाही.

आम्ही तिला वर ओढलं. विहीर इतकी खोल गेली होती की गावातला सगळ्यात लांब दोरही अर्ध्यातच संपत होता. खाली बादली बुडेल एवढं पाणी नव्हतं. एकानं खाली उतरून वाटीनं खरवडून घागर भरायची. मोठा माणूस उतरवला तर ओढायला चारजण लागतात, आणि बाकीचे पुरुष पहाटेच लांबच्या माळावर खडी फोडायला गेलेले. म्हणून हलकी बाई उतरायची. दोराला आमची तार जोडून त्यांनी लांबी भरून काढली होती. ही बाई त्या माणसाची बायको. कमरेला दोर, खांद्यावर तांब्याची घागर, गुडघा सोलून निघालेला, आणि घागरीत अजून पाणी होतं.

काठावर पाय ठेवल्या ठेवल्या तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचं रक्त, हाताची चेचलेली बोटं. घागर दोन्ही हातांनी धरली आणि सार्जंटच्या तोंडावर हाणली. पाण्यासकट. त्याचं नाक मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो मागं पडला. तोपर्यंत ढिगांमागच्या बायकांना धीर आला होता आणि त्यांच्यापुढं फोडलेल्या खडीचे ढीग होते. पहिला दगड जीपच्या काचेवर आला. दुसरा ड्रायव्हरच्या कपाळावर.

"मेल्यानो, पान्याला आलो का चोरीला आलो?"

"आमच्या दारावरून टँकर नेता, अन् आम्हालाच मारता व्हय रं?"

ड्रायव्हरचं डोळ्यावर रक्त. सार्जंटनं पडल्या पडल्या हवेत गोळी झाडली. बायका खाली बसल्या. एक म्हातारी बसली नाही. ती दगड घेऊन तशीच चालत आली आणि माझ्या पाठीत तो घालून परत गेली.

त्या माणसाला आम्ही जीपमध्ये घालून वर नेलं. सार्जंटनं त्याला मागच्या बाजूला बांधलं. बायको जीपमागे वेशीपर्यंत पळाली. मी तिला ओरडून सांगितलं, "बाई, मी सांगतो साहेबांना! मी सगळं बघितलंय!" तिनं खाली वाकून मूठभर माती उचलली आणि आमच्या दिशेला फेकली.

वर साहेबांनी आधी जखमी मोजले. सार्जंटचं नाक, ड्रायव्हरचं कपाळ, माझे तळवे, त्या माणसाचा कान आणि उजवा हात. स्वयंपाक्यानं हळद आणि तूप आणलं. त्या माणसाच्या उजव्या हाताची चार बोटं भलत्याच दिशांना गेली होती. तो एकदाच म्हणाला, "खाली हाय का ती अजून?" मी म्हणालो, वर आहे, ठीक आहे. मग तो आडवा झाला आणि त्याला उलटी झाली.

वरच्या कचेरीला घातपात करणारा माणूस हवा होता. आपल्याच तोफांनी आपलंच विमान मारलं, हे कोणीतरी कापलेल्या तारेवर घालायचं होतं, आणि तार कापणारा आमच्या सामानाच्या तंबूत पडलेला होता. सार्जंटनं नाकात कापूस घालून जबाब दिला : संशयितानं हात वर करण्यास नकार दिला, प्रतिकार केला, साथीदारांनी दगडफेक केली. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही मागितली.

मी सही केली नाही. मी माझा वेगळा जबाब लिहून साहेबांपुढं ठेवला. पाच ओळींचा. त्याचे दोन्ही हात तारेवर होते. तारेला त्याची बायको लोंबकळत होती. हात वर केले असते तर ती मेली असती. तार पाण्यासाठी नेली. मी हजर होतो.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "या विहिरीला किती दोर लागतो?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मोजायच्या पलीकडे गेलीय, सर."

"बाजारात एवढा दोर मिळत नाही?"

औरंगपुऱ्यातल्या दुकानांत त्या हिवाळ्यात दोर नव्हता. सगळ्याच विहिरी खोल गेल्या होत्या, आणि दोर आला की त्याच दिवशी जायचा. हे मला ठाऊक होतं. दुष्काळात दोर महाग होत नाही, संपतो.

त्या संध्याकाळी जनरेटरच्या छपरात सार्जंटनं मला गाठलं. जनरेटर चालू असताना तिथं ओरडलेलं बाहेर ऐकू येत नाही. त्यानं माझी मान धरून डोकं धुराच्या नळकांड्याकडे दाबलं. डावा कान चरचरला. त्याची खूण अजून आहे. "मेरे यार की टाँग गई, और तू चोर के लिए लिखता है?" पट्टीतल्या हातानं मला काही धरता येईना. मी गुडघा त्याच्या पोटात घातला, मग पडलेला मोठा पाना उचलून त्याच्या खांद्यावर मारला. तो पुन्हा आला, मी पुन्हा मारला. जनरेटरवाल्या दोघांनी आम्हाला सोडवलं. शेवटी आम्ही दोघं तेलाच्या चिखलात समोरासमोर बसलो होतो, दम लागलेले. त्याच्या मोडक्या नाकातून परत रक्त वाहत होतं.

तो म्हणाला, "मैंने नीचे देखा ही नहीं."



साहेबांनी दोन्ही जबाब वर पाठवले, माझा वरती ठेवून. उत्तर येईपर्यंत माणूस आमच्याकडेच राहिला. पोलिसांकडे दिला असता तर त्या दिवसांत त्याचं काय झालं असतं सांगता येत नाही. उत्तर आलं तोवर युद्धही संपलं होतं. विमानाबद्दल कोणालाच आता काही नको होतं. "सोडून द्यावे," एवढंच.

त्याला सोडलं, आणि मला वाटलं काम संपलं. दोन दिवसांनी ड्रायव्हर टँकर घेऊन येताना खाली थांबला आणि वर येऊन म्हणाला, "भाई, उसको गाँववालों ने मारा है."

कारण असं होतं. आमचा टँकर शहरातून वर येताना वेशीवर रोज एक पिंप पाणी ओतायचा. साहेबांची तशी तोंडी परवानगी होती. दगडफेकीच्या दिवशीच सार्जंटनं ते बंद केलं. साहेबांना ते ठाऊक नव्हतं. गावानं दोन आणि दोन मिळवले. याला मिल्ट्रीनं धरलं, म्हणून पाणी गेलं. इतके दिवस वर ठेवलं, म्हणजे मामला साधा नाही. तोफा फुटल्या त्या याच्यामुळे, हे खडीवरच्या कोणीतरी शहरातून ऐकून आणलं होतं. तेव्हा जिकडे तिकडे हेर पकडले जात होते. कंदील घेऊन परसाकडे गेलेल्या माणसालाही लोक धोपटायचे. आता गावाला स्वतःचा एक हेर मिळाला. खडीवरच्या पुरुषांनी त्याला हातोड्यांच्या दांड्यांनी मारलं. घराची कवाडं फोडली. तीच दगड मारणारी म्हातारी म्हणे त्याच्या बाजूनं मध्ये पडली आणि तिचाही हात मोडला.

साहेबांनी मला बोलावलं. सार्जंटही उभा होता.

"उद्या सकाळी टँकर घेऊन तू स्वतः जा," ते म्हणाले. "आधी पिंप भर. लोक जमतील. मग सगळ्यांसमोर मराठीत सांग : हा माणूस हेर नाही. यानं पाण्यासाठी तार नेली आणि बायकोचा जीव वाचवला. हे हवाई दल सांगतंय, असं सांग. कागद वाचून दाखवू नको, तोंडानं सांग. पटेल असं सांग."

"मैं भी जाऊँगा," सार्जंट म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. "तू गाडीत बस. मोडलेलं नाक लोकांना दिसू दे."

मी कामाच्या यादीत लिहिलं : १. पिंप भरणे. २. गावात सांगणे. ३. तार परत घेणे किंवा तेवढा दोर देणे. काय बोलायचं त्याची मी तंबूत उजळणीही केली. ड्रायव्हर गाव झाला आणि मध्येच ओरडून हरकती घेत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे हलण्याचा हुकूम आला. पूर्ण तुकडी, ताबडतोब, उत्तरेला. अँटेना उतरवणं हे सगळ्यात जिवावरचं काम. घाईत तिची एक बाजू निसटली आणि जनरेटरवाल्यांपैकी एकाच्या मांडीवर पडली. त्याचं किंचाळणं ऐकत आम्ही बाकीचे नटबोल्ट काढले. टँकर रिकामाच गाड्यांच्या रांगेत लागला. गाव आलं तेव्हा आम्ही थांबू शकलो नाही. रांग थांबत नसते. वेशीवर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. टँकर बघून त्या पुढं आल्या, आणि टँकर निघून गेला. विहिरीतली तार साहेबांनी "युद्धात खर्च" म्हणून कमी केली. यादीतल्या तीन कामांपैकी तिसरं तसं कागदावर मिटलं.

मी नोकरीची वर्षं पूर्ण करून परत आलो तोवर शहर डोंगराकडे सरकत आलं होतं. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची नोकरी मिळाली. कारखाना कसला, सुट्या भागांची यादीच ती, मला जमली. गाव आता गाव राहिलं नव्हतं. खडीच्या माळावर प्लॉट पडले, बायपास आला, पुढं अपार्टमेंटं. विहिरीवर सिमेंटचं झाकण टाकून शेजारी बोअर घेतला. गावात सांगायचं राहिलं त्यातली सुरुवातीची काही वर्षं बदली आणि नोकरीत गेली, हे खरं. मग एकदा क्रांती चौकात पावसात रिक्षा बघत उभा होतो. एक रिक्षावाला ओरडत होता, "जासूस बावडी, जासूस बावडी, एक सीट!"

मी बसलो. वाटेत विचारलं, "बावडीचं हे नाव कशावरून?"

"मालूम नै, काका. पुराना नाम है. अपनेकू क्या, स्टॉप है."

उतरलो. त्याच विहिरीच्या झाकणावर पानाची टपरी होती. टपरीच्या पाटीवर तेच नाव. समोरच्या किराणा दुकानावर तेच. शाळेच्या रिक्षेवर तेच. मागं जुनी तीन-चार घरं उरली होती. विचारत गेलो आणि ती बाई सापडली. माझ्याच वयाची. पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर नळ. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझे हात धरून उलटे केले आणि तळव्यावरचे वळ बघितले.

"बसा," ती म्हणाली.

नवरा गेला होता. उजवी मूठ त्याला कधी वळली नाही. खडीवर घेतलं नाही, विहिरीवर ओढायला कोणी सोबत येईना. मग शहरात इमारतींवर राखणदारी केली, डाव्या हातात काठी धरून. गावाशी शेवटपर्यंत बोलला नाही. थोरला मुलगा बजाजनगरला राहतो, कंपनीत आहे. तो इकडे येत नाही. शाळेत पोरांनी त्याला जासूसाचा म्हणून दगड मारले होते, भुवईवर खूण आहे.

मी सांगायला सुरुवात केली. साहेब काय म्हणाले होते, मी काय लिहिलं होतं, कोणत्या सकाळी मी येणार होतो. उजळणी केलेलं सगळं मला शब्दाला शब्द आठवत होतं. तिनं मध्येच थांबवलं.

"मला काय सांगता? मी तारंला व्हते. मला म्हाईत हाय, ते हेर नव्हते." तिनं हनुवटीनं दाराबाहेर दाखवलं. "त्यांला सांगा."

बाहेर संध्याकाळची गर्दी होती. मारणारे कोणी मेले, कोणी प्लॉट विकून निघून गेले. उरलेले जालन्याचे, बीडचे, नांदेडचे, युपीचे. त्यांना या नावामागं कोणी माणूस होता हेच माहीत नाही. टपरीवाल्याशी बोलून बघितलं. तो हसला आणि म्हणाला, "भारी स्टोरी हाय काका. पन पाटी बदलली तर गिऱ्हाइकाला सापडायचं कसं?"

महापालिकेत गेलो. वॉर्डातल्या साहेबानं विचारलं, नाव बदलून काय ठेवायचं? मी परत येऊन बाईला विचारलं. ती म्हणाली, आमच्या मानसाचं नाव घालू नका. पुन्हा कुनी कशाला दगड मारावं. नुसतं ते नाव काढा.

नुसतं नाव काढण्यासाठी अर्जाचा नमुना नाही. मी साधा अर्ज लिहून दिला आहे, पोच घेतली आहे. मुलाला भेटायला बजाजनगरला दोनदा गेलो. पहिल्यांदा तो पाळीवर होता. दुसऱ्यांदा घरात होता, पण दार उघडलं नाही. आतून म्हणाला, "काका, तुम्ही मिल्ट्रीवाले का? तर मग जा."

या रविवारची यादी : नळाचा वायसर बदलणे. गहू दळून आणणे. बजाजनगर, पुन्हा. गावात सांगणे.